तिसऱ्या पानावरचा बाप

जयवंत तोडणकर यांनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. चिंतलं असलंच, तर पेन्सिलीने. अंधेरीच्या एका विमा कचेरीत बावीस वर्षं दाव्यांच्या फायली तपासून त्यांच्या अंगात एक नियम मुरला होता: शाईने लिहिलं की तो निर्णय, पेन्सिलीने लिहिलं की तो नुसता विचार. समासात पेन्सिलीने ‘हा माणूस थापा मारतोय’ असं लिहायचं, फाईल वर पाठवताना त्यावर खोडरबर फिरवायचं आणि शाईने ‘कागदपत्रे अपुरी’ असा शेरा मारायचा. या नियमाने त्यांना बावीस वर्षं सांभाळलं. आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी, बोरीवली पूर्वेच्या गोकुळसुमन सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोर, त्याच नियमाने त्यांना तोंडघशी पाडलं.

सुरुवात झाली ती डब्याच्या पिशवीत सापडलेल्या एका फॉर्मने. श्रुतिका नववीत. तिच्या शाळेत ‘पालक-पाल्य वाचन’ नावाचं नवीन खूळ निघालं होतं. जग बुडाल्यावर कसाबसा जीव जगवणाऱ्या पोरापोरींच्या दोन इंग्रजी कादंबऱ्या घ्यायच्या, पालक आणि पाल्य दोघांनीही वाचायच्या आणि शनिवारी अकराच्या ठोक्याला वर्गासमोर उभं राहून त्यांची तुलना करायची. सूत्रं काय, पात्रं कशी, कुठे जुळतात, कुठे वेगळी होतात. फॉर्मवर ‘पालक उपलब्ध’ आणि ‘पालक उपलब्ध नाहीत’ असे दोन चौकोन होते. दुसऱ्या चौकोनात ठसठशीत निळी टिक होती. शाईने.

“हे काय आहे?” जयवंतरावांनी फॉर्म हवेत नाचवला.

“फॉर्म.”

“ते दिसतंय मला. मी उपलब्ध नाही?”

श्रुतिकाने एका कानातलं इअरफोनचं बोंड काढलं. एकच. “पप्पा, सायन्स एक्झिबिशनला तुम्ही येणार होतात, तेव्हा ऑडिट निघालं. ॲन्युअल डेला आलात, पण आम्ही मेकअप पुसत होतो तेव्हा. आणि ओपन डेला दुसऱ्याच वर्गात जाऊन बसलात. वीस मिनिटं! मला राग नाहीये हां. आधीच टिक करून टाकली की टेन्शन जातं.”

राग असता तर जयवंतरावांनी तिला गप्प बसवलं असतं. पण राग नव्हता, आणि तेच त्यांना फार लागलं. मुलीने बापाला हिशेबातून काढून टाकलं होतं, आणि तेही हसतमुखाने.

“मी येणार शनिवारी,” ते म्हणाले.

“दोन्ही पुस्तकं वाचावी लागतील.”

“वाचीन.”

“इंग्लिशमध्ये आहेत.”

“मग मी कचेरीत काय चिनी भाषेत पत्रं लिहितो?”

श्रुतिकाने खांदे उडवले आणि शर्मिष्ठा मिसना सांगते म्हणाली. मिसनी परवानगी दिली, एका अटीवर. अकरा वाजता पालक हजर नसतील तर पाल्याने एकट्याने बोलायचं. कुणासाठी थांबणार नाही.

तर जयवंतरावांनी पुस्तकं वाचली. एकाचं कव्हर निळं, एकाचं लाल. निळ्यात भिंतीआडचं एक गाव, गावात एकच टाकी आणि टाकीची किल्ली कमरेला लावून फिरणारा गव्हर्नर. लालमध्ये जंगलातली छावणी, आणि शिध्याच्या कोठारावर बसलेला कॅप्टन. दोन्हीकडे सोळा वर्षांची, काटक, फटकळ मुलगी. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, दाढी करताना वाचलं, एकदा तर साहेबांच्या समोर फायलीत घालून वाचलं. आणि दोन्हीकडे एकाच जागी त्यांना ठेच लागली.

“श्रुती, हिचा बाप कुठे गेला?”

“मेला ना. पान तीन.”

“आणि लाल पुस्तकातला?”

“तोपण पान तीन. सगळ्यांत मरतात, पप्पा. नाहीतर हरवतात.”

“पण का? त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय?”

“बाप असला तर तो म्हणणार, बाहेर जाऊ नको, स्वेटर घाल. मग स्टोरी सुरूच होणार नाही.”

बाब तर्काला धरून होती. त्यात खोट काढता येईना, हाच खरा त्रास होता.

दुसरी अडचण नावांची. पात्रांची नावं अशी, की खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या ओळीने मांडल्यात असं वाटावं. कोण कुठला, कुणी कुणाला दगा दिला, काही लक्षात राहीना. तेव्हा जयवंतरावांनी कचेरीतली युक्ती काढली. मोठ्या कागदावर दोघांनी मिळून तक्ता केला. डावीकडे श्रुतिकाने आपल्या गोल अक्षरात सूत्रं लिहिली, उजवीकडे जयवंतरावांनी शाईने पात्रं लिहिली, आणि प्रत्येक पात्राखाली, फक्त पाठ होईपर्यंत, बारीक पेन्सिलीने ओळखीचा माणूस लिहिला.

गव्हर्नर: पाणी अडवतो, माणसं मोजतो, शेवटी स्वतःच्याच टाकीत बुडतो. खाली पेन्सिलीने, ‘धोंडिराम शेलार’. यात जयवंतरावांचा दोष नव्हता. सोसायटीच्या टाकीचं काम निघाल्यापासून सेक्रेटरी शेलारसाहेब रोज सकाळी वीस मिनिटं पाणी सोडत आणि व्हॉल्व्हजवळ घड्याळ धरून उभे राहत.

खबरी म्हातारी: कोण काय बोललं ते गव्हर्नरला जाऊन सांगते. खाली, ‘मालनताई, दुसरा मजला’. जुन्या बॅटऱ्या नव्या म्हणून खपवणारा दुकानदार. खाली, ‘अर्बन झेरॉक्स’. आणि सगळ्यात शेवटी: नायिकेचे वडील, दोन्हीकडे पान ३ वर मृत. या ओळीखाली जयवंतरावांनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली आणि लिहिलं, ‘मी?’

गुरुवारी कचेरीतून येताना त्यांनी तो कागद गेटजवळच्या झेरॉक्सवाल्या अर्बनकडे दिला. अर्बन गावठाणातला जुना ख्रिश्चन, जयवंतरावांच्या वयाचा, बोलताना शेवटी ‘मेन’ लावणारा, आणि मशीनवर पोटच्या पोरासारखं प्रेम. मोठी कॉपी काढायची, वर प्लास्टिक चढवायचं.

“पेन्सिल येणार नाही ना रे?” जयवंतरावांनी विचारलं.

अर्बन दुखावला. “माझ्या मशीनवर? तू बघच, मेन.”

जयवंतरावांना वाटलं, येणार नाही. अर्बनला वाटलं, गिऱ्हाईक मशीनवर शंका घेतंय. त्याने बटण सगळ्यात डार्कवर नेलं.

आता गोकुळसुमनची एक रीत सांगायला हवी. तिथल्या मोठ्या नोटिसा अर्बनच छापतो, आणि शेलारसाहेबांच्या गुडघ्यांमुळे बोर्डावर लावतोही तोच. बोर्डाला काचेचं दार आहे आणि दाबलं की बसणारं कुलूप. त्या दिवशी पाण्याचं नवीन वेळापत्रक लावायचं म्हणून साहेबांनी दार उघडं ठेवलं होतं. अर्बनने वेळापत्रक लावलं. शेजारी, त्याच मापाचा, त्याच प्लास्टिकमधला, त्याच सोसायटीच्या माणसाने दिलेला दुसरा कागद लावला. सुबकपणे चार टाचण्या मारल्या आणि कुलूप दाबलं.

सात वाजता जयवंतराव दुकानात गेले. “कॉपी दे.”

“बोर्डावर लावली ना मी. मस्त आलीय. ओरिजिनल जरा अडकून फाटलं, पण कॉपी बघ, काय काळी आलीय!”

जयवंतराव पळत सुटले. बोर्डासमोर सातआठ माणसं उभी होती. कुणी हसत नव्हतं, आणि हे जास्त भयंकर होतं. जो तो आपलं नाव शोधत होता. पेन्सिलीची अक्षरं शाईपेक्षा काळी उठली होती आणि तळाशी, बटाट्याएवढं प्रश्नचिन्ह घेऊन, ‘मी?’

शेलारसाहेब चष्मा वरखाली करत अख्खा तक्ता वाचून मागे वळले. “तोडणकर. गव्हर्नरबद्दल माझी तक्रार नाही. शिस्त लागतेच. पण मी टाकीत बुडतो?”

“साहेब, ते पुस्तकात आहे…”

“रविवारी मी टाकी तपासायला उतरणार आहे. माझी बायको हे वाचून गेली.”

“साहेब, कुलूप उघडा, मी आत्ता काढतो.”

शेलारसाहेबांचा चेहरा एकदम ताठ झाला. गच्चीवर लोणची उन्हात ठेवू नयेत ही नोटीस कुणीतरी फाडल्यापासून सोसायटीचा ठराव होता: लागलेली नोटीस सात दिवस निघणार नाही. काढायचीच तर लेखी अर्ज, आणि कमिटीचे दोन सभासद हजर. “ठरावाला सूचक कोण होतं, आठवतंय?” साहेबांनी विचारलं. आठवत होतं. सूचक जयवंत तोडणकर होते. लोणचीविरोधी नोटिशीचा मसुदाही त्यांचाच.

शुक्रवारी त्यांनी अर्ज दिला. अर्जात तारीख नव्हती म्हणून परत आला. तारखेसह दिला, तर ‘नोटीस’ऐवजी ‘तक्ता’ लिहिलंय, तक्त्याबद्दल ठरावात तरतूद नाही, म्हणून परत आला. संध्याकाळी नवा तक्ता करायला बसले, तर दाराची बेल थांबेना. मालनताई आल्या. “मी खबरी? मी?” त्यांचा आवाज तापला होता. “कोण म्हणतं तसं? पाचव्या मजल्यावरची म्हणते ना? मला माहितीय, ती मंगळवारी लिफ्टमध्ये तुमच्या अनुपमालापण काय म्हणाली ते. सांगू?” आणि त्यांनी ते सगळं सांगितलं, वेळेसकट. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं, तीस वर्षं सोसायटीत राहतोय, तक्त्यात आमचं नाव का नाही? जयवंतरावांची बायको अनुपमा स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, त्यांना एखादं मरणारं पात्र द्या, पण जेवायला या.”

शाळेतून येताना श्रुतिका बोर्डासमोर थांबून आली होती, एवढं जयवंतरावांना वॉचमनकडून कळलं. तिने फक्त विचारलं, “उद्या येणार ना?” आणि उत्तराची वाट न पाहता खोलीत गेली. जयवंतराव त्या बंद दाराला म्हणाले, “येणार.”

शनिवारी श्रुतिका सातला शाळेत गेली, अनुपमा ड्युटीवर. तिसरा अर्ज मंजूर झाला साडेनऊला. जयवंतराव इस्त्रीच्या शर्टात तयार होते. खिशात इंग्रजी भाषणाची चिठ्ठी, ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड’पासून. शाळा रिक्षाने दहा मिनिटं. फक्त बोर्डाची किल्ली सातव्या मजल्यावर, गच्चीलगतच्या ऑफिसात. नियमाप्रमाणे शेलारसाहेब आणि मालनताई, कमिटीचे दोन सभासद, त्यांच्याबरोबर वर गेले. साहेबांनी रजिस्टर उघडलं. नोंद केली. कालच्या नोंदीतली चूक सुधारली. किल्ली सापडली चहापत्तीच्या डब्यात. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी तिघे लिफ्टमध्ये शिरले, जाळीचं दार ओढलं, आणि चौथ्या-तिसऱ्याच्या मध्ये लिफ्ट आचका देऊन थांबली.

“कुणी काही दाबू नका,” शेलारसाहेब म्हणाले आणि स्वतः सगळी बटणं दाबली.

जाळीतून समोर भिंत दिसत होती, आणि वर वीतभर चौथ्या मजल्याची फरशी. त्या फटीत थोड्या वेळाने अर्बनचं डोकं आलं. “लिफ्टवाल्याला फोन केला. कांदिवलीहून निघालाय. अर्धा तास बोलला.”

“अर्धा तास?” जयवंतरावांनी जाळी गच्च धरली. “मला फटीतून ओढ, अर्बन!”

“डोकं येईल, मेन. बाकीचं राहील.”

दहा चाळीस. मालनताईंच्या पिशवीत पाण्याची अर्धी बाटली होती. शेलारसाहेबांनी ती मागून घेतली, उजेडात धरून पातळी पाहिली आणि झाकण घट्ट लावलं. “किती वेळ लागेल सांगता येत नाही. सगळ्यांना पुरलं पाहिजे. मी ठरवतो.” मालनताई फटीकडे तोंड करून ओरडल्या, “अर्बन, ऐकलंस का रे? माझी बाटली घेतली यांनी! सगळ्यांना सांग!”

जयवंतराव दोघांकडे पाहत राहिले. आपण आठवडाभर वाचलेल्या पुस्तकात आपल्याला कुणीतरी कोंडून बाहेरून कडी घातलीय, असं त्यांना वाटलं.

दहा पन्नासला त्यांनी फोन लावला. श्रुतिकाचा फोन मधल्या सुट्टीत सुरू असायचा.

“पप्पा, कुठपर्यंत आलात?”

“लिफ्टमध्ये आहे.”

“शाळेला लिफ्ट नाहीये.”

“आपल्या लिफ्टमध्ये. अडकलीय. बाळा, खरंच अडकलीय, मी…”

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला, अगदी सरळ, बिनरागाचा. “ओके.” फोन बंद. ते ‘ओके’ शाईतलं होतं, जयवंतरावांना बरोबर कळलं. ते लिफ्टच्या कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टासकट खाली बसले. या वेळी ऑडिट नव्हतं, विसरणं नव्हतं, चुकीचा वर्ग नव्हता. पण पोरीच्या बाजूने पाहिलं तर फरक काय होता? बाप आला नाही तो नाहीच आला. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि मालनताईंसमोर रडणं म्हणजे सातही मजल्यांसमोर रडणं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

अकरा सात. अनोळखी नंबर. क्रेडिट कार्डवाले असणार म्हणून त्यांनी कापायला बोट नेलं आणि घामाने चुकून उचललं गेलं.

“पप्पा, हा मिसचा फोन आहे. तुम्ही स्पीकरवर आहात. सगळा वर्ग ऐकतोय. थीम्स माझ्या झाल्या. कॅरेक्टर्स तुमची. तीन मिनिटं.”

जयवंतराव ताडकन उभे राहिले. ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड’ची चिठ्ठी खिशात घामाने लगदा झाली होती. तक्ता खाली काचेआड. डोक्यातली औषधाच्या बाटल्यांची नावं पार पुसली गेलेली. समोर फक्त शेलारसाहेब. ते मालनताईंना बाटलीचं टोपण भरून पाणी देत होते, आणि टोपण त्यांच्या हातात थडथडत होतं. पाणी सांडत होतं. सांडलेल्या थेंबाकडे ते असे बघत होते, की जयवंतरावांना एकदम काहीतरी दिसलं.

“पोरांनो,” ते म्हणाले, मराठीत. “निळ्या पुस्तकातला गव्हर्नर आणि लाल पुस्तकातला कॅप्टन. मी दोघांना एकाच ओळीत टाकलं होतं. दोघंही लोकांचं पाणी, शिधा कुलपात ठेवतात. पण माझं चुकलं. कॅप्टनला दुसऱ्याला उपाशी ठेवण्यात मजा येते. गव्हर्नरला मजा येत नाही. तो घाबरलाय. त्याला वाटतं, मी मोजलं नाही तर उद्या कुणालाच मिळणार नाही. दुष्ट माणूस आणि घाबरलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. एका खोलीत, म्हणजे अगदी लहान खोलीत, त्याच्याबरोबर थांबलं की कळतं.”

“बरोबर बोललात!” शेलारसाहेबांचा आवाज फुटला. “कुणीतरी मोजायला नको? टाकीत पाणी किती, ते रात्रंदिवस माझ्या डोक्यात! झोप लागत नाही मला!”

“अहो, पण म्हणून टोपणाने?” मालनताई म्हणाल्या. “आणि मी म्हणते, म्हातारी गव्हर्नरला सगळं सांगते, तर काय चुकलं? एकटी असते ती. तिच्याशी दुसरं कोण बोलतं?”

फोनमधून हसणं आलं, मग थांबलं. वर्ग ऐकत होता. जयवंतरावांनी मालनताईंकडे पाहिलं. त्या पदराने टोपण पुसत होत्या. दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्याच राहतात, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं आणि ते कुणीही कधी तक्त्यात लिहिलं नव्हतं.

शर्मिष्ठा मिसचा आवाज आला. “खूप छान. आणि वडील? दोन्ही पुस्तकांत ते फार लवकर जातात. त्याबद्दल काय वाटतं?”

शेलारसाहेबांनी अख्खी बाटली जयवंतरावांपुढे धरली. जयवंतराव प्यायले नाहीत. “माझी मुलगी म्हणते, त्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही,” ते म्हणाले. “ती म्हणते ते बरोबरच असणार.”

मग श्रुतिकाचा आवाज. “मिस, मला वाटतं ते पान तीनवर मेलेच नसतील. कुठेतरी अडकले असतील.”

वर्ग असा हसला की फोन खरखरला. जयवंतरावही हसले, आणि हसताना डोळे पुसले. मालनताईंनी ते बघितलं. आश्चर्य म्हणजे, त्यांनी ते आजतागायत कुणालाही सांगितलेलं नाही.

लिफ्ट सव्वाबाराला हलली. बोर्डाचं दार उघडल्यावर शेलारसाहेबांनी तक्ता काढू दिला नाही. सात दिवसांचा नियम म्हणजे नियम, मंजूर अर्ज गेला खड्ड्यात. मात्र ‘टाकीत बुडतो’ या ओळीवर त्यांनी स्वतः पांढरी पट्टी चिकटवली, आणि रविवारी टाकी तपासायला दोन माणसं बरोबर नेली. पट्टी लावताना त्यांनी विचारलं, “तोडणकर, तो गव्हर्नर. शेवटी त्याला कुणी वाचवायला जातं का हो?” जयवंतराव खोटं बोलले. म्हणाले, जातं.

दोन महिन्यांनी डब्याच्या पिशवीत पुन्हा एक फॉर्म सापडला. पालक-पाल्य, भाग दुसरा. या वेळी टिक पहिल्या चौकोनात होती. ‘पालक उपलब्ध’. पण निळी नव्हती. राखाडी, बारीक, खोडरबरने सहज निघेल अशी. श्रुतिकाला बापाचा नियम चांगला ठाऊक होता.

जयवंतराव चपला घालून तसेच खाली उतरले, जिन्याने, आणि फॉर्म अर्बनच्या काउंटरवर ठेवला.

“किती कॉप्या?”

“एकच,” जयवंतराव म्हणाले. “पण सगळ्यात डार्कवर काढ.”